हॅलो, चेक

पोराला मामाकडे दिवागावात धाडलंय.
वरच्या भाडेकरू नर्सबाया दोघीही रात्रपाळीला.
आणि पद्माकर मढवी, घणसोलीचा साउंडवाला,
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला विचारतोय,
"बोल, काय लावू?"

विचारतो, पण थांबत नाही.
चटईवर लॅपटॉप, अंगात बनियन, चष्मा कपाळावर.
अडतीस हजार गाणी आहेत त्याच्याकडे,
नीट फोल्डर करून ठेवलेली:
हळद, वरात, बारसं, नवरदेव एन्ट्री,
नगरसेवकाचा वाढदिवस,
आणि एक 'दहा वाजले' नावाचं,
पोलिसांची गाडी येऊन गेल्यावर
हळू आवाजात वाजवायचं.
नवराबायकोचं फोल्डर नाही.

मी केस धुतलेत. शेवाळी साडी नेसून,
उकडतंय म्हणून सोडून, पुन्हा नेसलेय.
तव्यावर जिताडा आहे.
तो एक गझल लावतो.
मी म्हणते, कोण गेलं?
सॅक्सोफोन लावतो.
मी म्हणते, ही तर वाशीच्या मॉलमधली लिफ्ट,
आपण कुठल्या मजल्यावर उतरायचं?
त्याला हसू येत नाही, तो कामात आहे.
बेस जरा वाढवतो तर मांडणीतली ताटं
मानपानात राहून गेलेल्या आत्यांसारखी कुरकुरतात.

मग जुनी काढतो, दोघांनी गायलेली, गोड,
आणि प्रत्येकाला स्वतःच आडवा येतो.
"हे नको, यावर तळवलीच्या नवरीला भोवळ आली."
"हे नको, यांनी अजून अकरा हजार दिले नाहीत."
"हे... हे वाजताना जनरेटर पेटला होता गो."
माणसाने इतक्या लग्नांत वाजवलंय
की प्रेमाचं गाणं कानावर पडलं
तरी त्याला केबल गुंडाळायची आठवते.

जिताडा उलटताना मी म्हटलं,
हर्षलाच्या हळदीचं आहे का रे?
"त्यात गाणी नीट नाहीत. नुसता वारा."
गाणी नकोत. त्याच्या आधीचं.

शोधायला वेळ लागला.
मग खाडीवरचा वारा आला, खरखर आली,
आणि चोवीस वर्षांच्या पोराचा पातळ आवाज:
हॅलो. हॅलो चेक. एक, दोन. हॅलो.
जरा थांबून,
कुणी पाणी देईल का पाणी?

भोंगा आंब्यावर बांधला होता.
अख्ख्या दिवागावाकडे पाणी मागितलं या माणसाने.
मी मागच्या दारी तांदूळ धूत होते.
तोंड पाहिलं नव्हतं, नुसता घसा ऐकला होता, कोरडा,
आणि बाकीच्या पोरी हसत बसल्या तेवढ्यात
मी तांब्या उचलला.

आता ऐक, मी म्हणाले.
ठक्.
"हे? टेबलाला लागलं असेल काहीतरी.
कितीदा कापून टाकणार होतो हा आवाज."
मी आहे ती.
तांब्या ठेवला तेव्हाची.

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला,
जणू आवाज बघायचा असतो.
मागे नेलं. ठक्.
अजून मागे. पाणी देईल का. ठक्.
रेकॉर्डिंगमध्ये कुणाचा तरी कुत्रा भुंकला,
कधीच मेला असेल तो,
आणि आमच्या गल्लीतला झोपेतून उठून
त्याला उत्तर द्यायला लागला.

"नॉईज फार हाय गो," तो म्हणाला,
आणि उठून
गॅस बंद केला.